शाळेंतील धमकी आणि तिची पारख

असा एक प्रसंग कल्पून पाहावा. पावसाळ्याचे दिवस आहेत. भोर तालुक्यांतील एका खोऱ्यांतल्या माध्यमिक शाळेंत मधल्या सुटींत एका मुलीला बाकावर खडूनें लिहिलेली एक ओळ दिसते : "शनिवारीं ओढ्यावर तुला संपवतो." खालीं नांव नाहीं, पण ती ओळ कोणी लिहिली व कोणाला उद्देशून लिहिली, हें आठवीच्या अर्ध्या वर्गाला ठाऊक आहे. मुलगी बाईंना सांगते, बाई मुख्याध्यापकांना सांगतात, आणि मुख्याध्यापकांच्या खोलींत दोन तट पडतात. एक शिक्षक म्हणतात, "पोरकटपणा आहे सारा. कान उपटला कीं येईल ठिकाणावर." दुसरे म्हणतात, "आजच पोलीस बोलवा आणि दाखला हातांत द्या."

पहिलें मत मानलें आणि ओळ खरी ठरली, तर शनिवार उजाडल्याखेरीज राहत नाहीं. दुसरें मत मानलें आणि ओळ पोकळ ठरली, तर तेरा वर्षांच्या एका मुलाचें शिक्षण खडूच्या एका रेघेपायीं संपतें. शिवाय ओळ खरी असून दाखला हातांत दिला, तर तो मुलगा शाळेबाहेर, कोणाच्याही नजरेच्या आड, अपमानाचें आणखी एक ओझें घेऊन हिंडूं लागतो. म्हणजे धोका कमी होण्याऐवजीं वाढतोच. हयगय आणि घाई या दोन्ही चुका एकाच मुळांतून निघतात. धमकी ऐकल्यावर तिची पारख कशी करावी, हें कोणीं कोणाला शिकविलेलेंच नसतें. ही पारख करण्याची एक रीत गेल्या पंचवीस वर्षांत तयार झाली आहे. ती कशी निर्माण झाली, तींत काय काय करावयाचें असतें आणि शाळा व पोलीस या दोघांनींही ती एकत्र बसून कां शिकावी, हें समजून घेण्याजोगें आहे.

भोर व वेल्हे हे पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील डोंगरी तालुके होत. भोर ही १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानची राजधानी होती. त्या सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें व भोर पुणें जिल्ह्यांत आलें. वेल्हें हें तोरण्याच्या पायथ्याचें गांव. राजगडही त्याच तालुक्यांत असून, त्याचेंच नांव तालुक्याला देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला. पूर्वेकडे पुणें-सातारा रस्त्यालगतचीं नसरापूर, किकवी हीं वर्दळीचीं गांवें; पश्चिमेकडे मात्र वरंध घाटाच्या वाटेवरील हिर्डोशी, भाटघर जलाशयाच्या कांठचें भुतोंडें, वेल्ह्याच्या टोकाला असलेलें केळद, अशीं दूरदूरचीं गांवें व त्यांच्या वाड्यावस्त्या पसरलेल्या. एकेका प्राथमिक शाळेंत दोनच शिक्षक असावेत, मुलांनीं पायवाटेनें ओढे ओलांडून यावें, आणि आषाढांत धुकें उतरलें कीं समोरचा डोंगरही दिसूं नये, असा हा मुलूख. पोलीसठाणीं म्हणावीं तर भोरचें, वेल्ह्याचें आणि नसरापूरचें राजगड ठाणें. शहरांतील शाळेनें दूरध्वनि केला तर पोलिसांची गाडी थोड्या वेळांत दारीं येते. येथें तीच गाडी घाटवळणाच्या रस्त्यानें येणार. म्हणून मदत येईपर्यंतच्या मधल्या वेळांत काय करावयाचें, हें ज्याला माहीत आहे असा माणूस शाळेंतच असावा लागतो. धोका ओळखण्याचें शिक्षण ही शहरी शाळांची चैन नव्हे. दूरच्या शाळेला त्याची गरज अधिक आहे.

या रीतीचा उगम एका मोठ्या दुःखांत आहे. २० एप्रिल १९९९ रोजीं अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यांतील कोलंबाइन येथील शाळेंत दोन विद्यार्थ्यांनीं गोळीबार केला. बारा विद्यार्थी व एक शिक्षक त्यांत बळी पडले. त्यानंतर तेथील शिक्षण खातें आणि अध्यक्षांच्या संरक्षणाचें काम करणारें सीक्रेट सर्व्हिस हें खातें, या दोघांनीं मिळून १९७४ ते २००० या काळांतील अशा ३७ घटना आणि त्या घडविणारे ४१ जण यांचा कसून अभ्यास केला व २००२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते लोकांच्या समजुतीला धक्का देणारे होते. असा मुलगा अमुकच घरचा, अमुकच स्वभावाचा किंवा अभ्यासांत मागासलेला असतो, असा कोणताही साचा सांपडला नाहीं. रागाच्या एका क्षणीं घडलेलीं कृत्यें थोडीं. बहुतेकांनीं आधीं बेत केला होता. पांचांतील चार घटनांत तो बेत आधीं निदान एका माणसाला तरी ठाऊक होता, आणि तो माणूस बहुधा बरोबरीचा विद्यार्थीच होता. ज्याच्यावर हल्ला करावयाचा त्याला तोंडावर धमकी देणारे मात्र थोडेच निघाले. हल्ला करणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या वागण्यांत कोणाला ना कोणाला काळजी वाटावी असें कांहीं तरी आधीं दिसलें होतें, आणि अनेकांना इतरांनीं फार छळलें होतें.

या निष्कर्षांतून एक साधा पण मोलाचा भेद पुढें आला. धमकी देणें ही एक गोष्ट आणि धोका असणें ही दुसरी. धमकी देणाऱ्या प्रत्येकापासून धोका असतोच असें नाहीं, आणि ज्याच्यापासून धोका आहे तो प्रत्येक जण धमकी देतोच असेंही नाहीं. "जिवंत सोडणार नाहीं" हे शब्द आपल्या गांवांत बांधाच्या भांडणांत रोज उच्चारले जातात व संध्याकाळीं विरूनही जातात. उलट, एखादा मुलगा कांहींच बोलत नाहीं, पण चार दिवस डबा खात नाहीं, आपली आवडती वस्तु मित्राला देऊन टाकतो, आणि कोणाला तरी सांगतो कीं "परवां शाळेंत येऊं नकोस." पारख करणाऱ्यानें केवळ शब्दांवर न थांबतां शब्दांमागील बेताकडे पाहावयाचें असतें.

व्हर्जिनिया विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनीं या भेदाला शाळेंत वापरतां येईल असें रूप दिलें. त्यांनीं धमक्यांचे दोन वर्ग केले. क्षणिक धमकी म्हणजे राग, थट्टा किंवा फुशारकी यांतून निघालेली. समजूत घातली, क्षमा मागितली कीं ती संपते. गंभीर धमकी म्हणजे जिच्यामागें इजा करण्याचा हेतु टिकून आहे. त्यांच्या पहिल्या प्रयोगांत ३५ शाळांतून १८८ धमक्या तपासल्या गेल्या. त्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के क्षणिक निघाल्या. याचा अर्थ असा कीं, दहांपैकीं सात वेळां शाळेला समजुतीनें काम भागवितां येतें; उरलेल्या तीन वेळां मात्र हयगय चालत नाहीं. व्हर्जिनिया राज्यानें २०१३ सालीं सरकारी शाळांना अशीं पारख-मंडळें नेमणें कायद्यानेंच बंधनकारक केलें.

आपल्याकडे शाळेंत बंदुका येत नाहींत, मग या परदेशी विद्येचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. हत्यार निराळें असलें तरी मन सारखेंच असतें. डोंगरी घरांत कोयता, कुऱ्हाड व पिकावर फवारावयाचें औषध या रोजच्या वस्तु आहेत. ओढा, विहीर आणि धरणाचें पाणी जवळच आहे. आणि आतां हातांतल्या भ्रमणध्वनीनें एका वर्गांतील टवाळी घटकेंत साऱ्या गांवभर जाते. म्हणून रीत घ्यावी, पण उदाहरणें आपल्या मातींतलीं घ्यावींत.

आतां बाकावरील त्या ओळीकडे परत यावें. शिकलेली शाळा काय करील? पहिल्यानें ती ओळ पुसणार नाहीं. शब्द जसेच्या तसे वहींत उतरून घेईल, वेळ व ठिकाण लिहील, आणि बाकाचें छायाचित्र काढून ठेवील. दुसरें, जिनें सांगितलें त्या मुलीचें नांव बाहेर जाऊं देणार नाहीं. सांगणाऱ्यालाच चहाडखोर ठरविणाऱ्या शाळेंत पुढच्या वेळीं कोणी सांगत नाहीं, आणि बातमी आधीं मुलांनाच कळते हें तर वर आलेंच आहे. तिसरें, ज्याच्या नांवें बोट दाखविलें जातें त्या मुलाला साऱ्या वर्गासमोर उभें न करितां, त्याचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एका शिक्षकांनीं त्याच्याशीं एकांतांत बोलावें.

या बोलण्याचे प्रश्न ठरलेले असतात. काय लिहिलेंस? तें लिहितांना मनांत काय होतें? शनिवारच कां? ओढाच कां? हें आणखी कोणाला सांगितलेंस? त्या मुलानें तुला काय केलें होतें? आतां काय झालें म्हणजे तुझें मन शांत होईल? हे प्रश्न वकिलासारखे विचारावयाचे नसतात. "अरे, बस इथें. काय झालं तें मला नीट सांग," एवढ्यानें सुरुवात होते. त्याच वेळीं दुसरे शिक्षक ज्याला धमकी आली त्या मुलाशीं, तिसरे वर्गांतील दोघाचौघांशीं बोलतात. सायंकाळपर्यंत तिन्ही हकीगती एकमेकींशीं ताडून पाहिल्या जातात.

समजा, त्यांतून असें निघालें कीं हा मुलगा दूरच्या वस्तीवरून चालत येतो. तिघांचें एक टोळकें महिनाभर त्याचें दप्तर लपवीत होतें. गेल्या आठवड्यांत त्यांनीं त्याच्या वह्या ओढ्यांत फेंकल्या व त्याचें चलच्चित्र काढून मित्रांना पाठविलें. शनिवारची शाळा सकाळची असते आणि त्या टोळक्यांतला एक जण ओढ्यावरून एकटाच घरीं जातो. मुलानें चुलतभावाला विचारलें होतें, "तुमचा नवा कोयता कुठं ठेवतात?" येथें पारख करणाऱ्याचा कान टवकारला पाहिजे. वार ठरलेला, जागा ठरलेली, माणूस ठरलेला आणि हत्याराची चौकशी झालेली. ही क्षणिक धमकी नव्हे. येथें राग आहे तसा बेतही आहे. आणि ज्याला राग आला त्याला न्याय मिळाला नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

मग करावयाच्या गोष्टीही ठरलेल्या असतात. त्याच दिवशीं दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना बोलावणें. घरांतील हत्यारें व फवाऱ्याचें औषध कुलुपांत ठेवण्यास सांगणें. ज्याच्यावर धोका आहे त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर सोबत देणें. टोळक्याचा छळ त्याच दिवसापासून बंद करणें व तें चलच्चित्र काढून टाकविणें. बेत करणाऱ्या मुलाला रोज एकदां भेटेल असें एक माणूस नेमणें. आणि पोलिसांना कळविणें. अशा मुलाच्या बोलण्यांत स्वतःच्याच जिवाविषयीं निराशा डोकावते कीं काय, हेंही त्याच बैठकींत पाहावें लागतें; कारण दुसऱ्यावर उचललेला हात पुष्कळदां स्वतःवरही पडतो. त्यासाठीं सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

पोलिसांना कळवावयाचें म्हटलें कीं शाळेचे पाय मागें ओढले जातात. गणवेशांतला शिपाई दारांत आला, गांवानें पाहिलें, कीं मुलाच्या कपाळीं शिक्का बसला, अशी भीति असते. ही भीति अनुभवाची असली तरी कायदा मात्र तसा नाहीं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें प्रत्येक पोलीसठाण्यांत सहायक उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, आणि जिल्ह्याला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं एक विशेष बाल पोलीस पथक असावें, अशी योजना आहे. त्या पथकांत दोन समाजसेवक असतात व त्यांपैकीं एक स्त्री असावी लागते. अठरा वर्षांच्या आंतील मुलाला कोठडींत ठेवतां येत नाहीं. २०१६ च्या नियमांप्रमाणें, गुन्हा अतिशय गंभीर स्वरूपाचा असल्याखेरीज किंवा प्रौढांच्या संगतीनें झालेला असल्याखेरीज मुलाविरुद्ध प्रथम खबर नोंदवावयाची नसते. ठाण्याच्या रोजनिशींत नोंद करून त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळापुढें ठेवावयाचा असतो. म्हणजे कायद्यानें पोलिसालाही आधीं समजून घेण्याचेंच काम सांगितलें आहे. हें शिक्षकाला माहीत नसतें. आणि बदलीवर नव्यानें आलेल्या एखाद्या पोलिसाच्याही तें अंगवळणीं पडलेलें नसतें. दोघांनीं एकत्र शिकण्याचें पहिलें कारण हेंच.

आतांपर्यंत मुलांकडून मुलांना असलेल्या धोक्याचा विचार झाला. याहून अवघड धोका मोठ्या माणसांकडून येतो, आणि तेथें धमकीची ओळ कोठेंही लिहिलेली नसते. ऑगस्ट २०२४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील बदलापूर येथें शाळेंतील एका सफाई कामगारानें दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप झाला. पालकांच्या तक्रारीची दाद लौकर लागली नाहीं म्हणून २० ऑगस्ट रोजीं लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें व शाळा आणि पोलीस या दोघांच्याही दिरंगाईबद्दल कडक शब्दांत विचारणा केली. २१ ऑगस्ट रोजीं राज्य शासनानें शाळांसाठीं आदेश काढले : आवारांत कॅमेरे बसवावेत, नेमणुकीपूर्वीं कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, आणि २०२२ सालींच सांगितलेल्या सखी सावित्री समित्या खरोखर कामाला लावाव्यात.

आदेश योग्यच होते. पण कॅमेरा पाहतो, ऐकत नाहीं. आणि पेटींत चिठ्ठी टाकण्यासाठीं चार वर्षांच्या मुलीला लिहितां येत नाहीं. तिचें सांगणें निराळें असतें. ती शाळेच्या स्वच्छतागृहांत जाण्यास एकाएकीं नकार देते, एका ठराविक माणसाला पाहून आईचा पदर धरते, अंग दुखतें म्हणते. हें वाचणारा डोळा शिक्षिकेचा, आयाबाईचा किंवा पोषण आहार शिजविणाऱ्या मावशींचा असतो. म्हणून शिक्षणांत शिपाई व स्वयंपाकीण यांना वगळून चालत नाहीं. मुलें त्यांच्याशीं अधिक मोकळेपणानें बोलतात.

अशा वेळीं शाळेचें कर्तव्य काय, हें २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणाऱ्या अधिनियमानें स्पष्ट केलें आहे. असा अपराध झाल्याचें किंवा होण्याचा संभव असल्याचें ज्याला कळलें त्यानें पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविलेंच पाहिजे. न कळविणें हा स्वतंत्र अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्या माणसाविषयीं तसें केल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. शाळेनें आधीं आपली चौकशी पुरी करावी, खात्री पटली तर मगच कळवावें, असें कायदा म्हणत नाहीं. उलट, शाळेनें मुलीला पुन्हा पुन्हा तेंच विचारल्यानें तिचें दुःख वाढतें आणि तिच्या साक्षीचेंही नुकसान होतें. तिनें आपण होऊन जें सांगितलें तें तिच्याच शब्दांत लिहून घ्यावें, "तूं सांगितलंस तें फार चांगलं केलंस," एवढेंच म्हणावें, आणि पुढचें काम त्यासाठीं शिकलेल्यांवर सोंपवावें. पोलिसांवरही बंधन आहे. जबाब मुलीच्या घरीं किंवा तिच्या पसंतीच्या जागीं, शक्यतों स्त्री उपनिरीक्षकानें, गणवेश न घालतां घ्यावयाचा असतो. कोणत्याही मुलाला रात्रीं ठाण्यांत थांबवून ठेवतां येत नाहीं. आणि मुलाची ओळख कोणालाही कळूं द्यावयाची नसते. लहान गांवांत हा शेवटचा नियम पाळणें सर्वांत कठीण, आणि म्हणूनच तो आधीं शिकण्यासारखा.

येथें दोन्ही रीतींतील फरक नीट ध्यानांत घ्यावा. मुलानें मुलाला दिलेल्या धमकींत शाळेनें आधीं समजून घ्यावें व गांभीर्य पाहून पोलिसांना हांक द्यावी. मोठ्या माणसानें मुलावर केलेल्या अपराधाचा संशय आला तर आधीं कळवावें. जी शाळा या दोहोंची गल्लत करिते ती मुलाच्या खोडीसाठीं ठाणें गांठते आणि मोठ्याच्या अपराधावर पांघरूण घालते.

तिसरा प्रकार निनावी धमकीचा. १ मे २०२४ रोजीं दिल्ली व आसपासच्या शंभराहून अधिक शाळांना बॉंब ठेवल्याचीं विद्युत्पत्रें आलीं. शाळा रिकाम्या झाल्या, आईबाप धांवत सुटले, आणि अखेर कोठेंही कांहीं सांपडलें नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें अशा प्रसंगांसाठीं सविस्तर कार्यपद्धति आखून शिक्षक व पोलीस यांना तींत तयार करण्याचा आदेश तेथील सरकारला दिला. निनावी पत्र बहुधा खोटें असतें हें खरें. परंतु तें खोटें असल्याचा निवाडा शाळेनें करावयाचा नसतो. तिनें पत्र पुसूं नये, पुढें पाठवूं नये. दूरध्वनि आला असेल तर ऐकलेले शब्द, आवाज व मागचे नाद लागलीच टिपून घ्यावेत. ११२ वर कळवावें. अनोळखी वस्तूला हात लावूं नये. आणि मुलांना ठरलेल्या वाटेनें, हजेरीपट बरोबर घेऊन, ठरलेल्या मैदानावर न्यावें.

ही शेवटची संवय केवळ बॉंबसाठीं नाहीं. १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेच्या छपराला आग लागून नव्वदाहून अधिक मुलें गेलीं. त्यावरून सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं प्रत्येक शाळेंत आग विझविण्याचीं साधनें असावींत व तीं वापरण्याचें शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावें, असा निकाल दिला. ३० जुलै २०१४ च्या पहांटे पुणें जिल्ह्यांतीलच आंबेगांव तालुक्यांत माळीण गांवावर डोंगर कोसळून सुमारें दीडशें माणसें गाडलीं गेलीं. भोर-वेल्ह्याचे डोंगर व तेथला पाऊस हे त्याच सह्याद्रीचे. म्हणून हजेरीपट घेऊन दोन मिनिटांत वर्ग मोकळा करण्याची जी संवय, ती आग, दरड आणि बॉंबची आवई या तिन्ही वेळीं उपयोगी पडते.

मग हें शिक्षण द्यावें कसें? नुसतें व्याख्यान देऊन भागणार नाहीं. जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं एक पुरा दिवस काढावा. प्रत्येक शाळेंतून मुख्याध्यापक, एक शिक्षिका, एक शिपाई व पोषण आहाराच्या मावशी; ठाण्यांतून बालकल्याण पोलीस अधिकारी व एक स्त्री शिपाई; गांवांतून पोलीस पाटील, आशाताई आणि शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक, अशी मंडळी एकत्र बसावीत. खात्याखात्यांच्या निराळ्या रांगा करूं नयेत. सकाळीं कायदा सोप्या मराठींत समजावून सांगावा. मग बाकावरील ओळीसारखा एक कल्पित प्रसंग प्रत्येक गटाला द्यावा व "आतां काय कराल, कोण करील, किती वेळांत कराल," हें लिहून काढावयास लावावें. दुपारीं प्रत्यक्ष बोलण्याचा सराव व्हावा : रागावलेल्या बापाशीं कसें बोलावें, घाबरलेल्या मुलीशीं कसें बसावें, पोलिसांना दूरध्वनीवर चार वाक्यांत काय सांगावें. दिवस संपतांना प्रत्येक शाळेनें एका कागदावर ठाण्यांतील अधिकाऱ्याचें नांव व क्रमांक, मुलांसाठीं असलेला १०९८ आणि सर्वांसाठीं असलेला ११२ हे क्रमांक, आणि रस्ता बंद पडला तर कोणत्या वाडींतून कोणाला हांक मारावयाची, एवढें लिहून न्यावें. पुढच्या जूनमध्यें तोच दिवस पुन्हा भरवावा. कारण तोंवर फौजदार बदललेला असतो, शिक्षकांची बदली झालेली असते आणि कागद कपाटांत गेलेला असतो.

या दिवसाचें खरें फळ कागदावर दिसत नाहीं. हिर्डोशीच्या मुख्याध्यापकांनीं भोरच्या अधिकाऱ्याबरोबर एकदां एका पंगतींत भाकरी खाल्लेली असली, कीं पुढें संकटकाळीं दूरध्वनि उचलतांना त्यांचा हात अडखळत नाहीं. गडावरचा पहारा जसा केवळ तटाच्या उंचीवर अवलंबून नव्हता, खालच्या वाडीनें वेळेवर दिलेल्या वर्दीवरही होता, तसेंच येथें आहे.

एका आक्षेपाचा विचार केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. शिक्षकाला असें टेहळणीचें काम दिलें तर तो प्रत्येक मुलांत गुन्हेगार शोधूं लागणार नाहीं काय? आणि मग संशय कोणावर जाईल? जो गप्प बसतो, ज्याचे कपडे मळके, जो कातकऱ्यांच्या किंवा धनगरांच्या वस्तीवरून येतो, ज्याचा बाप दारू पितो, त्याच्यावरच तो आधीं जाईल. हा आक्षेप खरा असून त्याचें उत्तर त्या रीतींतच आहे. गुन्हेगाराचा साचा नाहीं, हाच मुळीं पहिला निष्कर्ष. पारख ही मुलाची करावयाची नसते, घडलेल्या वागण्याची करावयाची असते. काय लिहिलें, कोणाला सांगितलें, काय जमविलें, एवढेंच वहींत यावें. जात, वस्ती आणि गरिबी यांना तेथें जागा नाहीं. निर्णय एकट्यानें घेऊं नये; तिघांनीं मिळून घ्यावा. वही मुख्याध्यापकांच्या कुलुपांत राहावी व मुलाच्या दाखल्यावर त्यांतील अक्षरही उतरूं नये. छडीचा तर प्रश्नच नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलाला मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंनाही मनाई केली आहे. इतकीं कुंपणें घातलीं म्हणजे ही रीत दुबळ्या मुलावरचा पहारा न होतां त्याचें संरक्षण होते. कारण महिनाभर ज्याच्या वह्या ओढ्यांत जात होत्या त्याच्याकडे कोणीं पाहिलें नव्हतें. त्यानें धमकी लिहिली तेव्हां मात्र साऱ्यांचें लक्ष गेलें. शिकलेली शाळा त्या महिन्यांतच पाहील.

त्या कल्पित शाळेंतला शनिवार असा जावा. शाळा सुटते. ओढ्याच्या वाटेवर दोन शिक्षक छत्र्या घेऊन मुलांबरोबर चालतात. विशेष कांहीं घडत असल्याचें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. साध्या कपड्यांतील एक पोलीस अधिकारी शाळेच्या ओसरीवर त्या मुलाशेजारीं चहा घेत बसलेला आहे. त्याचे वडील पलीकडे टोपी हातांत घेऊन उभे आहेत. मुलाच्या पुढ्यांत नव्या वह्यांचा गठ्ठा आहे. वह्या ओढ्यांत फेंकणाऱ्या तिघांच्या घरच्यांनीं त्या आणून दिल्या आहेत, आणि ते तिघे मागें उभे राहून खालीं पाहत आहेत. अधिकारी मुलाला विचारतो, "दादा, आतां सोमवारीं शाळेंत यायला भीति वाटेल का?" मुलगा बराच वेळ बोलत नाहीं. मग तो मान हलवून "नाहीं" म्हणतो.

त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत या शाळेविषयीं एक ओळही येणार नाहीं. ज्या शाळेनें आणि ज्या ठाण्यानें आपलें काम नीट केलें, त्यांच्या वांट्याला ही निनांवी शांतताच येत असते. आणि मुलांना शाळेंत पाठविणाऱ्या घरांना हवी असते ती तीच.